नणंद, नणंदेचे यजमान आणि सत्तरीतले सासू-सासरे : कौटुंबिक फिर्यादीत नातेवाइकांचा अटकपूर्व जामीन

तगर

माझ्या मेहुण्याच्या बायकोने लातूरला फिर्याद दिली आहे. दोघं पुण्यात राहत होते, एक लहान मुलगी आहे. दिवाळीपासून ती मुलीला घेऊन माहेरी आहे. आरोपी म्हणून मेहुणा, माझे सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढचे), माझी बायको आणि शेवटच्या क्रमांकावर मी. कलमं भारतीय न्याय संहितेची ८५, ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५).

आम्ही ठाण्यात राहतो. सणावाराला, बारशाला, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुण्याला गेलो, तेवढंच. फिर्यादीत आमच्याबद्दल एक वाक्य आहे : 'नणंद व तिचे पती हे वेळोवेळी येऊन यातील आरोपींना चिथावणी देत असत.' सासूबाईंबद्दल मात्र तीन-चार प्रसंग सविस्तर लिहिले आहेत.

वहिनी खोटं बोलते असं मला म्हणायचं नाही. त्या घरात बंद दाराआड काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि मेहुण्याचा स्वभाव तापट आहे हे आम्ही सगळेच जाणतो. पण सासऱ्यांना कोठडीत बसावं लागेल या विचाराने घरात कोणाला झोप नाही. ओळखीचे लोक वाटेल ते सल्ले देत आहेत. एक म्हणतो आठवडाभर गावाकडे जाऊन राहा, दुसरा म्हणतो आधी तिच्यावरच तक्रार करा. अटकपूर्व जामीन खरंच लागतो का? ठाण्यात अर्ज करता येतो का? सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करायचा का? जाणकारांनी कृपया लिहावं.

वकीलबाई

तगर, मराठवाड्यात फौजदारी बाजूला काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा आणि वकील लातूरचाच करा.

आधी आकड्यांचा गोंधळ सोडवू, कारण सध्या त्यात शिकलेली माणसंही अडकतात. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. जुनं ४९८अ, म्हणजे १९८३ साली दंड संहितेत आलेलं कलम, आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ असं विभागलं आहे : ८५ मध्ये शिक्षा, ८६ मध्ये क्रूरतेची व्याख्या. अटकपूर्व जामीन पूर्वी ४३८ खाली मिळायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ खाली. आणि जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाकडून गुन्हा रद्द करून घेण्याचं कलम होतं, ते आता ५२८ झालं. त्यामुळे कोणी 'चारशे ब्याऐंशी करा' म्हणालं तर कोणत्या कायद्याचं ते नक्की विचारा. तुमच्या फिर्यादीत जुलै २०२४ च्या आधीचे प्रसंग असतील तर पुढे जुनी कलमंही लागू शकतात. दचकू नका.

तुमच्या कलमांपैकी खरी अडचण ८५ ची. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. बाकीची मारहाण, शिवीगाळ, धमकी ही किरकोळ कलमं तिच्यासोबत येतात. ३(५) म्हणजे जुनं ३४, समान उद्देश. तुमच्यासारख्या लांबच्या माणसाला आत ओढतं ते हेच कलम.

न्यायालय कोणतं? गुन्हा लातूरला दाखल आहे, तर अर्ज लातूरच्या सत्र न्यायालयात. तिथे नाही मिळाला तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. कायद्याने दोन्हीकडे थेट जाता येतं, पण आधी सत्र न्यायालयात जाण्याची रीत आहे आणि ती पाळलेली बरी. संसार पुण्यात झाला तर गुन्हा लातूरला कसा, असा प्रश्न तुमच्या घरात नक्की निघाला असेल. २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सासरहून बाहेर पडलेली बाई जिथे आसरा घेते तिथेही गुन्हा दाखल होऊ शकतो, कारण छळाचा मानसिक परिणाम ती तिथेच भोगत असते. तेव्हा हद्दीच्या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

गुन्हा परराज्यात असता तर गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २०२३ चा प्रिया इंदोरिया निकाल अशाच प्रकरणातून आला : बायकोची फिर्याद राजस्थानात, नवरा बंगळुरूत. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राहत्या ठिकाणचं सत्र किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळापुरतं संरक्षण देऊ शकतं, म्हणजे माणसाला मूळ न्यायालयापर्यंत पोचता येतं. ठाण्याहून लातूरला यायला त्याची गरज नाही.

एकत्र की वेगळा अर्ज, यावर रात्री लिहिते. ते महत्त्वाचं आहे.

जुना फौजदार

नोकरीची बरीच वर्षं तपासात गेली, त्यातली काही महिला कक्षात. पोलिसांच्या बाजूने काय घडतं ते सांगतो.

२ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेशकुमार निकाल आला आणि कामाची पद्धत बदलली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसती फिर्याद आली म्हणून अटक करायची नाही. अटक का हवी याची कारणं लिहायची, तपासणी यादी भरायची, ती दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायची. कारण नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती पूर्वी ४१अ ची नोटीस होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची. नोटीस पाळणाऱ्याला कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, दोन्ही होऊ शकतं.

म्हणून तुमच्या 'गावाकडे जा' म्हणणाऱ्या मित्राचं अजिबात ऐकू नका. नोटीस घेऊन शिपाई जातो, घराला कुलूप, फोन बंद. मग केस डायरीत काय लिहायचं? 'आरोपी मिळून येत नाहीत.' ज्या वृद्ध माणसाला कोणी हात लावणार नव्हतं त्याच्या अटकेचं कारण त्यानेच तयार करून दिलेलं असतं. आणि तोच कागद सरकारी वकील न्यायालयात वाचून दाखवतात.

नोटीस आली का तुम्हाला?

तगर

सासऱ्यांना पुण्याच्या पत्त्यावर आली आहे. आम्हाला अजून नाही. धन्यवाद काका, गावाकडे जायचा विषय आजच बंद केला.

स्पष्टवक्ता

या कायद्यात नव्वद टक्के केसेस खोट्या असतात हे उघड गुपित आहे. पूर्ण खानदान अडकवायचं, मग पैसे घेऊन मिटवायचं. तुम्ही उगाच वहिनीची बाजू घेताय.

रानजाई

स्पष्टवक्ता, हा नव्वदचा आकडा कुठून आणला ते सांगा. निर्दोष सुटलेला खटला म्हणजे खोटा खटला नव्हे. खटला पाच-सात वर्षं चालतो, मध्येच पोटगी आणि घटस्फोटाची तडजोड होते, बाई साक्षीला उभी राहते आणि 'आता काही तक्रार नाही' म्हणते. सुनेवर अत्याचार होताना पाहिलेला शेजारी येत नाही, आणि सासरचं कोणी तर येणारच नाही. अशा रीतीने सुटका होते.

मी महिला साहाय्य कक्षाच्या कामात समुपदेशक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या कितीजणी पोलिसांपर्यंत जातात? मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिस आयुक्तालयात विशेष कक्ष सुरू केला, तोच मुळी यासाठी की बाई पोलिस ठाण्यात आली तरी तिचं ऐकायला कोणी नसायचं. देशात अजूनही वर्षाला सहा हजारांच्या वर हुंडाबळींची नोंद होते. मे २०२५ मध्ये पुण्याजवळ भुकूमला वैष्णवी हगवणे या सुनेचा मृत्यू झाला, ते सगळ्यांनी वाचलं आहे.

आणि तरीही तगर यांचा प्रश्न खरा आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फिर्यादीत पाच-सात नावं येतात तेव्हा त्यातल्या दोघांनी छळ केलेला असतो, एकाने पाहून न पाहिल्यासारखं केलेलं असतं, आणि दोघं खरोखर लांब असतात. प्रत्येकाने नेमकं काय केलं हे सुटं करणं एवढंच काम आहे. ते न्यायालयाने करायचं, पण आधी बाईनेही करायचं आणि सासरच्यांनीही.

शेवंती

मी फिर्याद दिलेली बाई आहे. वाचून राहवलं नाही.

फिर्याद लिहून घेताना मला सांगितलं गेलं, 'सगळ्यांची नावं घाला, म्हणजे दबाव येतो.' मी नवरा, सासू आणि मोठा दीर एवढीच नावं दिली. धाकटी जाऊ माझ्याशी नीट वागत नव्हती, पण तिने छळ केला नाही, तिचं नाव घातलं नाही. दीराचा अर्ज आला तेव्हा न्यायाधीशांनी फिर्याद वाचून त्याच्या वकिलांना विचारलं की तारखेसकट आरोप आहे, याचं काय उत्तर आहे? माझी फिर्याद लहान होती म्हणून तिला वजन आलं, असं माझं ठाम मत आहे.

पण तगर दादा, 'आम्ही लांब राहतो' हे उत्तर पुरेसं समजू नका. माझी मोठी नणंद नागपूरला राहायची. रोज संध्याकाळी आईला फोन. फोन ठेवला की माझ्या स्वयंपाकापासून माझ्या आईवडिलांपर्यंत सगळ्याचा उद्धार. 'तिच्या बापाने गाडी कबूल केली होती, मागून घे' हे वाक्य नागपूरहून यायचं. तिने मला कधी हात लावला नाही. तिचं नाव मी का दिलं नाही? माझ्याकडे पुरावा नव्हता म्हणून. छळ झाला नाही म्हणून नव्हे.

तगर

शेवंतीताई, तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आई फोनवर वहिनीबद्दल सांगायची तेव्हा मी 'हो ना' म्हणायचे. पैशाबद्दल कधी काही बोलले नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवतो, पण 'हो ना' चं काय करायचं हे मला कळत नाही.

रानजाई

'हो ना' हा गुन्हा नाही. ८६ ची व्याख्या पाहा : एक तर असं हेतुपुरस्सर वागणं की बाई आत्महत्येकडे ढकलली जाईल किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, नाहीतर पैसा किंवा वस्तू यांची बेकायदा मागणी पुरी व्हावी म्हणून केलेला छळ. शेवंतीने सांगितलेली नणंद दुसऱ्या प्रकारात बसते, फोनवरून असली तरी. तुमची बायको तिने सांगितलं तेवढ्यावर बसत नाही. पण घरातलं वातावरण अशा होकारांनीच बनतं, हे तिला उमगलं असेल तर चांगलंच झालं.

वकीलबाई

शेवंतीच्या मुद्द्याला जोडून. लांब राहणाऱ्या नातेवाइकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे निकाल एका ओळीत उभे आहेत. २००० मधल्या कंसराज निकालात नवऱ्याचे सगळे नातेवाईक गोवण्याच्या प्रवृत्तीवर बोट ठेवलं गेलं. २०१० च्या प्रीती गुप्ता प्रकरणात लग्न झालेली नणंद गुजरातेत नवसारीला, दीर आपल्या गोरेगावला आणि तक्रार रांचीत होती. दोघांवरची कारवाई रद्द झाली. २०१२ मध्ये गीता मेहरोत्रा, फेब्रुवारी २०२२ मध्ये कहकशां कौसर, डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मीनारायण. सूत्र तेच : मोघम, सरसकट आरोपांवर नातेवाइकांना खटल्यात ओढू नये. हे निकाल गुन्हा रद्द करण्याच्या टप्प्यावरचे आहेत, जामिनाचे नव्हेत. पण जामिनाच्या युक्तिवादातही त्यांचा आधार घेतला जातो. मात्र न्यायाधीश राहण्याच्या अंतरापेक्षा फिर्यादीतला मजकूर बघतात. तुमच्यावर एक मोघम वाक्य आहे, सासूबाईंवर प्रसंग आहेत. म्हणून सासूबाईंच्या अर्जाची तयारी जास्त करा.

आता एकत्र की वेगळा. माझा आग्रह : मेहुण्याचा अर्ज वेगळा, सासू-सासऱ्यांचा वेगळा, तुम्हा दोघांचा वेगळा. भूमिका वेगळ्या आहेत, तर कागदही वेगळे हवेत. एकाच अर्जात पाचही जण असले की युक्तिवाद नवऱ्यावरच्या आरोपांभोवती फिरतो आणि लांबचा माणूस त्याच्या सावलीत जातो. शिवाय हितसंबंध नेहमी एकच नसतात. उद्या सासऱ्यांना सांगायचं असेल की मुलगा हात उगारायचा तेव्हा मी मध्ये पडलो, तर ते मुलाच्या अर्जात कसं लिहिणार?

तगर

इथेच घोडं अडलं आहे. सासूबाई म्हणतात, 'मुलाला एकटा टाकून आम्ही आमचा जामीन करायचा?' त्यांना ते मुलाच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटतं. सासरे गप्प आहेत. मेहुण्याचं म्हणणं सगळ्यांनी एकाच वकिलाकडे जावं आणि अर्जात वहिनीच्या लग्नाआधीच्या एका मित्राचा उल्लेख करावा, जुने फोटो जोडावेत.

वकीलबाई

फोटो अजिबात जोडू नका. हे मी फार कळकळीने सांगते.

अटकपूर्व जामिनात न्यायालय काय बघतं? आरोपाचं गांभीर्य, या व्यक्तीचा त्यातला नेमका सहभाग, कोठडीत घेऊन चौकशी करण्याची गरज आहे का, माणूस पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. जुन्या ४३८ मधली निकषांची यादी नव्या कलमात नाही, पण न्यायालयं बघतात ते हेच. २०१० चा सिद्धाराम म्हेत्रे निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणातला आहे, त्यातही हेच मुद्दे विस्ताराने आले आहेत. यात सुनेचा लग्नाआधीचा मित्र कुठे बसतो? कुठेच नाही. उलट सरकारी वकील म्हणतील, बघा, अर्जातच बदनामी चालली आहे, बाहेर असताना हे काय करतील. चारित्र्यावर चिखल उडवणारा अर्ज आला की समोरच्या न्यायाधीशांचा चेहरा बदलतो, हे अनेकदा पाहिलं आहे. आणि जामिनाचं सोडा, त्या लहान मुलीला पुढे तिची आईच वाढवणार आहे. ते कागद न्यायालयात कायम राहतात.

सासूबाईंना असं सांगा : वेगळा अर्ज म्हणजे मुलाविरुद्ध साक्ष नव्हे. त्यांच्या अर्जात मुलाबद्दल एक शब्दही लिहायची गरज नाही. वय, आजाराचे कागद, त्यांच्यावरच्या प्रत्येक प्रसंगाला थोडक्यात उत्तर, तपासाला सहकार्य करण्याची हमी आणि कायमचा पत्ता, एवढंच.

एक गैरसमज या वयाच्या लोकांत हमखास दिसतो. साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही, अशी तरतूद ३५(७) मध्ये आहे. पण ती तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना. ८५ ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे तिच्यावर विसंबून घरी बसू नका.

अभय_क

वकीलबाईंशी बहुतांशी सहमत, एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत. ज्यांना ३५(३) ची नोटीस आली आहे त्यांनी अर्ज केलाच पाहिजे असं नाही. 'नोटीस दिली आहे, अटकेची गरज नाही' असं तपास अधिकाऱ्याने म्हणण्यात लिहिलं की न्यायालय बहुधा तेवढी नोंद घेऊन अर्ज निकाली काढतं. सासऱ्यांना प्रवास आणि वकिलाचा खर्च दोन्ही वाचेल.

वकीलबाई

अभय, नुसतं ८५ असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण पुरवणी जबाबात कलमं वाढतात. दागिने सासूकडे आहेत म्हटलं की ३१६ खाली विश्वासघात येतो, सासरा किंवा दिरावर विनयभंगाचं ७४ येतं. तेव्हा धावाधाव होते. शिवाय तगर आणि त्यांच्या बायकोला अजून नोटीस आलेली नाही. गुन्हा दाखल व्हायच्या आधीही, रास्त भीती असेल तर अर्ज करता येतो, हे १९८० च्या सिब्बिया निकालापासून ठरलेलं आहे. या प्रकरणात मी अर्ज करीन.

प्रत्यक्षात होतं ते असं. अर्ज दाखल झाला की न्यायालय सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. त्याच वेळी अंतरिम संरक्षण मागायचं. ते मिळालं तर पुढच्या तारखेपर्यंत अटक झाली तरी जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश असतो. फिर्यादी बाईही आपल्या वकिलामार्फत हस्तक्षेप अर्ज देऊन म्हणणं मांडू शकते, आणि तो तिचा हक्क आहे. अंतिम आदेशात रक्कम, जामीनदार आणि अटी येतात : ठरल्या दिवशी हजेरी, फिर्यादीशी संपर्क नाही, पुराव्यात ढवळाढवळ नाही. जामीनदाराचा सातबारा किंवा पगाराचा दाखला आधीच काढून ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर त्याच क्षणी उच्च न्यायालयात जाण्यापुरतं संरक्षण चालू ठेवण्याची विनंती करायची. ते द्यायचं की नाही हे न्यायाधीशांवर.

एकदा मिळालेला जामीन बहुधा खटला संपेपर्यंत टिकतो. २९ जानेवारी २०२० च्या सुशीला अगरवाल निकालात पाच न्यायमूर्तींनी ते स्पष्ट केलं आहे.

दूरदेशी

मी अबुधाबीत. चुलतभावाच्या अशाच प्रकरणात माझ्या बहिणीचं नाव आहे, ती अमेरिकेत असते. ती भारतात उतरली की विमानतळावर अडवतील का? पासपोर्ट जमा करावा लागेल का?

जुना फौजदार

लुक आउट परिपत्रक निघालं असेल तर विमानतळावर थांबवतात. ते तपासाला न येणाऱ्यांसाठी काढलं जातं. अर्नेशकुमार निकालातच न्यायालयाने खेद व्यक्त केला होता की अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा आणि वर्षानुवर्षं परदेशात असलेल्या बहिणी यांनाही अटक होते. तुमच्या बहिणीने तपास अधिकाऱ्याला ईमेलने कळवावं : मी इथे राहते, हा पत्ता, लग्नानंतर या या तारखांना भारतात आले, पासपोर्टवरचे शिक्के सोबत जोडले आहेत, बोलवाल तेव्हा व्हिडिओवरून बोलायला तयार आहे. आणि वकिलामार्फत अर्ज करावा.

वकीलबाई

२०१७ च्या राजेश शर्मा निकालात म्हटलं होतं की परदेशात राहणाऱ्यांचे पासपोर्ट जप्त करणं किंवा इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस काढणं हे सरसकट करू नये. त्या निकालातल्या, तक्रारी आधी तपासून बघणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केल्या. रेड कॉर्नर नोटिशीबद्दलची सूचना मात्र कायम ठेवली. वादातलं स्त्रीधन परत मिळालं नाही एवढ्याच कारणाने जामीन नाकारू नये, हीही सूचना तेव्हा टिकली.

स्पष्टवक्ता

मग जामीन देताना पोटगी भरा, पाच लाख जमा करा अशा अटी का घालतात? माझ्या मित्राला घातली होती.

अभय_क

घालायला नकोत. २००९ च्या मुनीश भसीन निकालात ४९८अ च्याच प्रकरणात बायको आणि मुलासाठी दरमहा साडेबारा हजार द्यायची अट अटकपूर्व जामिनाला जोडली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. पोटगीसाठी कौटुंबिक न्यायालय आहे, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. अशी अट आली तर ती बदलून घेण्यासाठी वर जाता येतं. पण बरेचदा आरोपीचा वकीलच घाईत 'आम्ही इतके भरायला तयार आहोत' म्हणतो आणि मग ते पाळलं नाही की जामीन रद्द व्हायची वेळ येते.

जाता जाता : घरगुती हिंसाचाराच्या अर्जाची नोटीस आली म्हणून अटकपूर्व जामिनाला धावू नका. तो दिवाणी स्वरूपाचा अर्ज असतो, त्यात अटक नसते. संरक्षण आदेश मोडला तरच फौजदारी गुन्हा होतो.

शेवंती

एक विचारते. सुनेचा मृत्यू झाला असेल तरी नातेवाइकांना असाच जामीन मिळतो का?

वकीलबाई

नाही, आणि मिळूही नये सहजासहजी. लग्नानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ, असं असेल तर कलम ८० लागतं. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप, आणि पुराव्याचा कायदा आरोपीविरुद्ध गृहीतक धरतो. अर्नेशकुमारचा आधार तिथे चालत नाही. १९८७ मध्ये समुंदरसिंग प्रकरणात सासऱ्याला दिलेल्या अटकपूर्व जामिनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत नाराजी नोंदवली होती. २०१२ च्या लवेश प्रकरणात नवऱ्याचा भाऊ होता. फरार घोषित झालेल्या माणसाला हा जामीन एरवी मिळत नाही, असं तिथे सांगितलं गेलं. नणंद-दिरांच्या मोघम उल्लेखाबद्दल आपण वर जे बोललो ते अशा प्रकरणात आंधळेपणाने लावू नका.

तगर

कळवतो. तीन वेगळे अर्ज झाले. सासूबाई शेवटी सासऱ्यांच्या एका वाक्याने तयार झाल्या : 'त्याने काय केलं ते त्याला सांगू दे, आपण काय केलं ते आपण सांगू.' फोटो जोडले नाहीत. मेहुणा नाराज आहे.

सासू-सासरे आणि आम्ही, चौघांना अंतरिम संरक्षण मिळालं. मेहुण्याला अजून नाही, त्याची सुनावणी पुढच्या तारखेला. सासूबाईंच्या बँकेच्या लॉकरमध्ये वहिनीचे दागिने आहेत : पाटल्या, तोडे, मंगळसूत्र आणि तिच्या आजीची ठुशी. सासूबाई म्हणतात परत केले तर आपण ते अडवून ठेवले होते असं ठरेल.

वकीलबाई

नाही ठरणार. दागिने तिचे आहेत, १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून हे निर्विवाद आहे. वकिलामार्फत तपास अधिकाऱ्याला पत्र द्या : फिर्यादीचे पुढील दागिने आमच्याकडे सुरक्षित आहेत, कोणताही आरोप मान्य न करता ते जमा करत आहोत. सराफाकडून वजन करून घ्या, पंचनामा करा, फोटो काढा, पोच घ्या. घरी नेऊन देऊ नका, भाऊबंदांमार्फतही नको. अंतिम सुनावणीच्या आधी हे झालं तर कोठडीतल्या चौकशीचं एक मोठं कारण संपतं. आणि ठुशी तिच्या आजीची असेल तर ती तिला लवकर मिळावी, हे मी वकील म्हणून नाही सांगत.

शेवंती

माझे अजून मिळालेले नाहीत. तगर दादा, हे एवढं नक्की करा.

तगर

करतो ताई. शुक्रवारी लातूरला जातोय, तेव्हाच.

आणखी एक प्रश्न. भाचीचा वाढदिवस जवळ आला आहे. बायकोला तिच्याशी फोनवर बोलायचं आहे, फक्त दोन मिनिटं. चालेल का?

वकीलबाई

अंतरिम आदेशात 'फिर्यादी व साक्षीदारांशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क करू नये' अशी अट असेल तर नाही. मुलगी आईच्या फोनवर बोलणार, म्हणजे तो संपर्कच झाला, आणि जामीन रद्द करण्याच्या अर्जाला तेवढं पुरतं. तुमच्या वकिलांनी तिच्या वकिलांना लेखी विचारावं. तिची लेखी संमती आली तर न्यायालयाकडून अटीत तेवढी सूट मागून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थी केंद्रातही मुलीच्या भेटीचा विषय काढता येतो. तिथे पुढे खरोखर समेट झाला तर लक्षात ठेवा, ८५ चा गुन्हा खालच्या न्यायालयात आपसात मिटवता येत नाही. दोघांच्या संमतीने ५२८ खाली औरंगाबाद खंडपीठातून तो रद्द करून घ्यावा लागतो.

शुक्रवारी जाताना आदेशाची प्रमाणित प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवा. एक प्रत तपास अधिकाऱ्याला देऊन त्याच्या सहीची पोच घ्या, आणि हजेरीच्या दिवशी पोलिस ठाण्याच्या नोंदवहीत तुमचं नाव लिहिलं गेलंय ना ते पाहूनच निघा.